विवेकी खरेदी : मंद वाऱ्याचा पतंग

बदलापूरच्या एका वाचकांचे सविस्तर पत्र या महिन्यात आले आहे. घरचा कापडाचा व्यवसाय, एकत्र कुटुंब, आणि पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. सुटीत गोव्याला मोरजीच्या किनाऱ्यावर त्याने पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावणारी मंडळी पाहिली आणि तेव्हापासून घरात एकच विषय आहे. पाण्याची धास्ती असल्यामुळे आईने चाकांच्या फळीला तरी कशीबशी संमती दिली. आता कोणी एक विक्रेता १२ चौरस मीटरचा, हवा भरून फुगवायचा, वापरलेला पतंग निम्म्याहून कमी किमतीत देऊ करतो आहे. त्याचे म्हणणे असे की, आपल्याकडे वारा मंद, म्हणून पतंग मोठाच हवा, आणि एवढ्या भावात एवढे माप पुन्हा मिळणार नाही. काकांचा प्रश्न व्यापाऱ्याला शोभेल असाच थेट आहे : भाव ठीक आहे का?

भाव ठीक असेलही. परंतु माल चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजून घेतल्याखेरीज त्या मुलाला नुसते ‘नको’ म्हणणे व्यर्थ आहे. वीस वर्षांच्या मुलाला नकार पटत नाही. हिशेब मात्र पटू शकतो. म्हणून आजचे सगळे पान या एकाच पत्राला देत आहे.

प्रथम वस्तूची ओळख. संक्रांतीला आपण उडवतो तो पतंग दुसऱ्याचा पतंग कापण्यासाठी. हा पतंग माणसाला ओढण्यासाठी. इंग्रजीत त्याला ट्रॅक्शन काइट म्हणतात, आपण ओढ-पतंग म्हणू. कल्पना नवी नाही. ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तराने १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते, आणि घोडा नसल्यामुळे त्या गाडीला घोड्यामागे लागणारा पथकर लागू होत नसे अशी कथा सांगतात. पुढे डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात कापडी कप्प्यांत वाऱ्यानेच हवा भरून पंखाचा आकार घेणारा पतंग काढला. १९८४ साली फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी फुगवलेल्या नळीच्या, पाण्यात पडला तरी पुन्हा उठणाऱ्या पतंगाचे पेटंट घेतले. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास तीन चाकांची पतंगगाडी लोकप्रिय केली. आज बाजारात दिसणारे जवळजवळ सगळे पतंग याच दोन घराण्यांतले आहेत : एक कापडी कप्प्यांचा, दुसरा फुगवलेल्या नळीचा. मोरजीला पुतण्याने पाहिला तो बहुधा दुसऱ्या घराण्यातला, आणि विक्रेता देतो आहे तोही तोच.

आता हिशेब. वाऱ्याची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी १२ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटर कापडावर ढोबळमानाने ७०० ग्रॅमची ओढ मिळते. ताशी २४ किलोमीटरला तीच पावणेतीन किलोच्या आसपास जाते. म्हणजे ६ चौरस मीटरचा पतंग आकाशात स्थिर उभा असताना पहिल्या वाऱ्यात सुमारे ४ किलोने ओढतो आणि दुसऱ्यात १६ किलोने. १२ चौरस मीटरचा अनुक्रमे ८ आणि ३२ किलोने. हे आकडे पाहून कोणी म्हणेल, ३२ किलो म्हणजे तांदळाच्या पोत्याइतकेही नाही, एवढे काय घाबरायचे? पण पतंग स्थिर राहत नाही. तो वाऱ्यापुढे आडवा धावू लागला की स्वतःच्या वेगाने स्वतःचा वारा निर्माण करतो. वाऱ्याच्या तिप्पट वेगाने तो आडवा गेला, तर ओढ नऊ-दहा पट होते. आठाचे ऐंशी होतात, बत्तिसाचे तीनशेच्या वर जातात. प्रत्यक्षात हा आकडा पुरता येत नाही, कारण त्याआधी माणूस जागचा हललेला असतो. किंबहुना भीती त्याचीच आहे. साठ-सत्तर किलोचा मुलगा अशा वेळी धावत नाही, उचलला जातो.

या पतंगांच्या दांड्याला ओढ कमी करण्याची सोय असते, असे विक्रेता सांगेल, आणि ते खरे आहे. दांडा सैल सोडला की पतंगाचा कोन बदलतो व जोर उतरतो. परंतु नवखा माणूस घाबरला की हातातली वस्तू घट्ट धरतो आणि पोटाकडे ओढतो; आणि दांडा ओढला की जोर वाढतो. शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली ही खोड मोडावी लागते. एकट्याने मैदानात जाऊन ती मोडत नाही.

हे झाले जोराच्या वाऱ्याचे. मंद वाऱ्यात तरी तो पतंग कामाचा आहे का? गंमत अशी की तिथेही नाही. नळीच्या १२ चौरस मीटरच्या पतंगाचे वजन साधारण तीन ते चार किलो. ताशी ८ किलोमीटरच्या वाऱ्यात त्याला मिळणारा सगळा आधार साडेतीन किलोच्या घरात. म्हणजे वारा त्याला स्वतःचे वजन तोलण्यापुरता पुरला. ओढायला शिल्लक काही उरले नाही. तो डोक्यावर नेला की घसरत खाली येतो, वळवला की दोऱ्या सैल पडतात. याउलट कापडी कप्प्यांचा ६ चौरस मीटरचा पतंग एक-सव्वा किलोचा असतो आणि त्याच वाऱ्यात त्याच्यापाशी अर्धा किलोच्या वर जोर उरतो. मंद वाऱ्यात माप मोठे की लहान हा दुसरा प्रश्न. वजन किती हा पहिला. विक्रेत्याचे ‘मंद वारा म्हणजे मोठा पतंग’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे ठरते.

मग घ्यावे काय? माझे मत असे.

प्रथम दोन दोऱ्यांचा, दीड ते तीन चौरस मीटरचा, कापडी कप्प्यांचा सरावाचा पतंग. परदेशात नवा साधारण शंभर ते दोनशे डॉलरांना मिळतो. त्यावर मंद वाऱ्यात मोठ्या माणसाला गाडी चालवता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण पतंग आकाशात कुठे नेला की ओढतो, कुठे ठेवला की शांत राहतो, हे सगळे त्यावरच कळते. तो पडून फाटत नाही आणि पिशवीत मावतो. घरातील धाकट्यांनाही तो मोठ्यांच्या देखरेखीखाली हाताळता येईल. सहा महिन्यांत हौस विरली तर नुकसान थोडे. हौस टिकली तर दुसरी खरेदी : चार दोऱ्यांचा, पाच-सहा चौरस मीटरचा, उघड्या कप्प्यांचा पतंग. ओझोन, पीटर लिन, एचक्यू अशा मेकर्सचे या वर्गातले पतंग नवे असताना तीनशे ते पाचशे डॉलरांच्या दरम्यान असतात. वरच्या दोन दोऱ्या ओढीच्या, खालच्या दोन ब्रेकच्या. हातातल्या मुठी सोडल्या की मनगटाला बांधलेल्या पट्ट्यांमुळे फक्त ब्रेकच्या दोऱ्या ताणलेल्या राहतात आणि पतंग चिंधीसारखा खाली येतो. हे ‘सोडले की संपले’ नवख्याला समजायला सोपे आहे. हा पतंग पाण्यावर मात्र नेता येत नाही; कप्प्यांत पाणी शिरले की तो उठत नाही. पुतण्याची आई पाण्याला नाही म्हणते आहे, तेव्हा ही उणीव घरच्यांना गुणासारखीच वाटावी.

बंद कप्प्यांचे, दांड्यावर जोर कमीजास्त करता येणारे कापडी पतंग मंद वाऱ्यात सर्वांत उत्तम चालतात. जर्मनीच्या फ्लायसर्फरचे नाव त्यात प्रथम घेतले जाते. परंतु त्यांची किंमत आणि माप दोन्ही शिकाऊ माणसासाठी नाहीत. तिकडे तूर्त वळू नये.

एवढ्यावर हे पत्र संपले असते. पण मंद वाऱ्याच्या खेळातला मोठा खर्च, आणि मोठी बचत, पतंगात नाहीच. ती जमिनीत आहे.

तक्रार नेहमी अशी असते की वारा ओढायला पुरत नाही. पण ओढायला किती लागते हे कोणी मोजत नाही. माणूस आणि फळी मिळून ८० किलो धरू. हवेचे चाक गुळगुळीत काँक्रीटवर असेल तर ते लोटायला सुमारे एक किलोचा जोर पुरतो. तेच चाक मोकळ्या भुसभुशीत वाळूत असेल तर सोळा किलो आणि त्याहूनही अधिक लागतो. वर सांगितलेला ६ चौरस मीटरचा पतंग ताशी १२ किलोमीटरच्या वाऱ्यात स्थिर असताना ४ किलो देतो आणि फिरवला की त्याच्या काही पट देतो. कठीण जमिनीवर तो भरपूर झाला. भुसभुशीत वाळूत तोच पतंग ‘कमी पडला’. मग माणूस दुप्पट मापाचा पतंग विकत घेतो, आणि दुपारी वारा वाढला की त्याच पतंगाच्या मागे फरफटतो. दुकानाचे भाडे कमी करता येत असताना कर्ज वाढवण्यासारखाच हा प्रकार. मंद वाऱ्यात पैसा रुंद आणि मोठ्या चाकांत घालावा, चांगल्या बेअरिंगमध्ये घालावा, आणि कठीण जागेपर्यंतच्या प्रवासात घालावा.

हे केवळ माझे गणित नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगावर चालणाऱ्या फळ्यांची शर्यत प्रथमच झाली. ती मार्सेच्या समुद्रात झाली. त्या फळ्यांखाली पाण्यात बुडालेला एक पंख असतो. वेग येताच तो फळीला पाण्याबाहेर उचलतो आणि पाण्याचा विरोध एकदम घटतो. त्यामुळे एरवी फळी हलणार नाही अशा वाऱ्यातही हे खेळाडू भरवेगाने जातात. त्यांनी वारा वाढवला नाही. विरोध कमी केला.

आता जागा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गाडी चालवण्याजोगी जागा मला दिसत नाही, हे स्पष्ट लिहितो. मैदाने लहान, कडेला इमारती, विजेच्या तारा, आणि मधून रेल्वे. रेल्वेच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. ओलसर किंवा खारट दोरी तिच्या जवळ जाणे म्हणजे काय हे लिहायला नको. मैदान रुळांपासून आणि टॉवरांपासून दोऱ्यांच्या लांबीच्या अनेक पटींनी दूर असेल तरच तिथे सरावाचा पतंग काढावा. शिवाय समुद्रावरून येणारा दुपारचा वारा पश्चिमेच्या मलंगगड ते चंदेरीच्या डोंगररांगेवरून फुटून येतो. आता शांत, आता झोत, असा तो लागतो. आणि तोही गावात घरांमधून आणखी तुटतो. झाडांची टोके सतत हलत असली तरी मैदानात कागदही हलत नाही, आणि पुढच्या क्षणी धूळ उडते. अशा वाऱ्यात लहान पतंगावर हात बसतो, पण चाके बांधू नयेत.

नेवाळीची मोकळी जमीन अनेकांच्या मनात येईल. दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीची ती जागा. सपाट, विस्तीर्ण, उघडी. परंतु ती जमीन संरक्षण खात्याची असल्याचा दावा आणि शेतकऱ्यांचा विरोध हा वाद जुना आहे. २०१७ च्या जून महिन्यात तिथे मोठे आंदोलन पेटले होते. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आसपासचेही तसेच. परक्याच्या कुंपणात मुलाने पतंग घेऊन जाऊ नये, मग जागा कितीही रिकामी दिसो.

मग जायचे कुठे? अलिबागच्या बाजूला. बदलापूरहून पनवेलमार्गे सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. अलिबाग, आक्षी, नागाव या पट्ट्यात ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट बसलेली वाळू उघडी पडते आणि चाक तिच्यावर रुतत नाही. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपारी समुद्रावरून किनाऱ्याकडे नियमित वारा येतो. मंद ते मध्यम, आणि डोंगराने न फोडलेला. किनाऱ्यावर वाहन नेण्यास अनेक ठिकाणी बंदी असते. आपली फळी इंजिनाची नसली तरी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत अजिबात जाऊ नये. आपल्या व्यापारी घरांना हे अवघड नाही; ज्या दिवशी बाजारपेठ बंद, तो दिवस बहुधा रविवार नसतोच.

ओहोटी आणि वारा एकाच वेळी गाठायचे तर पंचांग उघडावे लागते, आणि या मासिकाच्या वाचकांच्या घरी पंचांग असतेच. कोकणात जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा-साडेअकराला भरती, म्हणजे भर दुपारी समुद्र वर आलेला आणि घट्ट वाळू पाण्याखाली. दशमीला ओहोटी दीडच्या सुमारास, एकादशीला सव्वादोन, द्वादशीला तीन. समुद्रावरचा वारा दुपारी दोन-तीनला रंगात येतो. तेव्हा शुद्ध असो वा वद्य, दशमी ते द्वादशी हे तीन दिवस या कामाचे. ज्या घरात अष्टमी-चतुर्दशीला उपवास असतो त्यांना प्रवासही त्या दिवशी नको असतो, तोही प्रश्न सुटला. आडाखा तासाभराने चुकू शकतो. जाण्याआधी भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरचे कोष्टक पाहावेच. ओहोटी पुरी झाल्यावर दीड तासात आवरावे. पाणी परतते तेव्हा पतंग बांधून झालेला असावा.

वारा मोजायला लहान पंख्याचे हातयंत्र मिळते, ते घ्यावे. पण डोळ्यांनाही शिकवावे. पिंपळाची पाने सळसळतात आणि चेहऱ्याला वारा लागतो, तो ताशी ६ ते ११ किलोमीटर. बारीक फांद्या सतत हलतात आणि देरासराच्या शिखरावरची हलकी ध्वजा उलगडून आडवी फडकते, तो १२ ते १९. धूळ आणि कागद उडू लागले की २० च्या वर. पाच-सहा चौरस मीटरच्या पतंगाने शिकणाऱ्याने ध्वजा फडकेपर्यंतच खेळावे. कागद उडू लागला की गुंडाळावा.

वापरलेला पतंग घ्यायचाच असेल तर तपासणी आपल्या लोकांना शिकवायला नको, कापड पाहणारे हात घरातच आहेत. तरी काही गोष्टी या मालाच्या खास. कापड ओठांना घट्ट लावून त्यातून हवा ओढून पाहावी. हवा सहज आली तर लेप गेलेला आहे आणि पतंग मंद वाऱ्यात उठणार नाही, मग रंग कितीही ताजा दिसो. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण जोराच्या वाऱ्यात जुना पतंगही चालतो आणि विक्रेता चाचणी तशाच दिवशी दाखवतो. नव्या कापडाचा चुरचुर आवाज येतो, उन्हाने मेलेले मऊ पडते. मागच्या कडेची शिवण, कप्प्यांच्या तोंडाच्या कडा, आणि पतंगाच्या पोटाखालचे बारीक दोर, म्हणजे आपल्या साध्या पतंगाचा किन्नाच तो, बोटांत धरून पुरता फिरवावा. मग चारही दोऱ्यांची एक टोके एका खिळ्याला अडकवून दुसरी टोके सारख्या ताणाने ओढावीत. दोन सेंटिमीटरांचा फरकही पतंगाला एका बाजूला खेचतो. दोऱ्यांची लांबी जुळवता येते, म्हणून त्यासाठी सौदा मोडू नये. भाव मात्र कमी करावा. नळीच्या पतंगात आतली फुगवणी आणि तिची झडप रात्रभर फुगवून ठेवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

परदेशातून मागवताना दुकानाच्या किमतीवर निर्णय घेऊ नये. टपालखर्च, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार जोडून घरपोच आकडा लेखी मागावा. कित्येकदा परतणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून आलेला पतंग स्वस्त पडतो. सामानाच्या नियमांत बसत असेल तेवढेच.

आणि एक मार्ग उल्हासनगरचा आहे. तो मला सर्वांत जवळचा वाटतो. ज्या शहराने निर्वासितांच्या छावणीतून उठून जीन्सच्या शिलाईत नाव कमावले, तिथे पतंग शिवणे अशक्य का असावे? अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी १९४८ साली घरच्या पडद्याच्या कापडातून सांगाड्याविना उडणारा लवचीक पंख केला. पुढे नासाने अंतराळयाने जमिनीवर उतरवण्यासाठी त्याच कुळातील पंखांवर संशोधन केले. यान तर त्यावर उतरले नाही, पण हौशी मंडळींनी त्यातून एकेरी कापडाचा ओढ-पतंग बसवला. त्याला एनपीडब्ल्यू म्हणतात. आराखडे हौशी लोकांत मोकळेपणाने फिरतात. कप्पे नाहीत, नळी नाही. एकच पदर, त्यामुळे वजन फार कमी आणि मंद वाऱ्यात उठायला तयार. दोष असा की वाऱ्याच्या दिशेने तो छान ओढतो, पण वाऱ्याच्या विरुद्ध वर चढून परत यायला फारसा उपयोगी नाही; परतताना बऱ्याचदा फळी खांद्यावर घ्यावी लागते. तरुण माणसाला तो व्यायामच.

शिवणाऱ्यांसाठी दोन शब्द. कापड रिपस्टॉप नायलॉन, दर चौरस मीटरला ४० ते ५० ग्रॅम वजनाचे, हवा न जाऊ देणारा लेप असलेले. छत्रीचे कापड जड पडते. जीन्सचे मशीन वापरू नये. त्याची जाड सुई पातळ कापडाला टिकिटाच्या कडेसारखी भोके पाडते आणि ओढीत कापड तिथेच फाटते. घरचे साधे मशीन, अकरा नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा, तीन-चार मिलिमीटरचा लांब टाका. शिवण एका दिवसात होते. खरा वेळ पोटाखालचे दोर मापून गाठी मारण्यात जातो. ते काम घाईने केले तर पतंग जन्मभर वाकडा उडतो. आजी-आजोबांना बसल्या जागी हाताला काम हवे असेल तर हे आहे, मात्र माप घेणारा एकच असावा.

दोऱ्यांविषयी थोडे गंभीरपणे. या दोऱ्यांवर काच नसते आणि त्या दुसऱ्याला कापण्यासाठी नसतात. परंतु बारीक कृत्रिम धाग्याची ताणलेली दोरी वेगाने फिरते तेव्हा ती कापतेच; माणसाची मान असो की पक्ष्याचा पंख. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन वा कृत्रिम धाग्याच्या, नष्ट न होणाऱ्या मांजावर देशभर बंदी घातली. त्या आदेशाचा रोख मांजावर असला तरी पतंगाच्या दोऱ्याविषयीचे त्याचे शब्द व्यापक आहेत. म्हणून जानेवारीत, पोलीस मांजा शोधत असताना आणि जीवदयेची मंडळी जखमी पक्षी उचलत असताना, हा पतंग बाहेर काढूच नये. पोलिसाने हटकले तर वाद न घालता गुंडाळावा. भारताच्या १९३४ च्या विमान कायद्याने ‘विमान’ शब्दाच्या व्याख्येत पतंगही घेतला होता. २०२४ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली आहे. आपल्या पंचवीस मीटरच्या दोऱ्यांना त्याचा रोज उपद्रव होत नाही, पण विमानतळाच्या जवळपास हा खेळ नाही, एवढे त्यावरून समजावे.

किनाऱ्यावरही हिवाळ्यात सुरय आणि कुरव पक्ष्यांचे थवे पाण्याच्या कडेला विसावतात. थवा बसलेला असेल तर अर्धा किलोमीटर पुढे जावे. पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी पक्ष्यांची ये-जा अधिक, तेव्हा दोऱ्या आकाशात नसाव्यात. ओल्या वाळूत छोट्या खेकड्यांची बिळे दाट असतात. त्यांच्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसली की चाके तिथून वळवावीत. घट्ट वाळूचा पट्टा रुंद असतो, वाट मिळते. पावसाळ्यात झोत आणि विजा दोन्ही असतात. चातुर्मासात पतंग माळ्यावर गेला तर कोणाचेच नुकसान नाही.

खर्चाच्या यादीत तीन गोष्टी बहुतेक घरे विसरतात : हेल्मेट, गुडघे-कोपरांची आवरणे आणि कंबरेचा पट्टा तत्काळ सोडवणारी कळ. पतंगात बचत करून या घ्याव्यात. वैयक्तिक अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. ती ओळ शोधून वाचावी आणि एजंटाकडून लेखी उत्तर घ्यावे. शक्य असेल तर पुतण्याला पहिले दोन-तीन दिवस गोव्याच्या एखाद्या शाळेत शिकवणाऱ्याजवळ ठेवावे. तो खर्च पतंगाच्या किमतीत धरून मगच ‘परवडते का’ हे ठरवावे.

पत्राच्या शेवटी काकांनी विचारले आहे, की हौस संपली तर माल विकला जातो का? जातो. सरावाचा पतंग आणि पाच-सहा चौरस मीटरचा पतंग नव्या शिकाऊ माणसाला हवाच असतो. १२ चौरस मीटरच्या जुन्या नळीच्या पतंगाला मात्र गिऱ्हाईक मिळणे कठीण, आणि तो आज एवढ्या स्वस्तात का मिळतो आहे याचे एक उत्तर तेही आहे. बिल आणि मूळ पिशवी जपून ठेवावी. खारी हवा लागल्यावर दोऱ्या गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवाव्यात, कापड उन्हात पसरून ठेवू नये. आणि विकायचा झालाच तर जून महिन्यात विकू नये. जानेवारीच्या अखेरीस, समुद्रावरचा वारा सुरू होण्याच्या तोंडावर बाजारात आणावा.